खान्देशातल्या टँकमध्ये फांद्यांचं कोरल: कधी छाटायचं, कुठे बसवायचं

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये फांद्यांचं कोरल (प्रवाळ) एकदा रुळलं की काही महिन्यांतच जागा कमी पडू लागते. वरच्या फांद्या पाण्याच्या पातळीला टेकतात, खालच्या त्यांच्याच सावलीत फिक्या पडतात आणि शेजारचं कोरल झाकलं जातं. मग छाटणी करावीच लागते. कापणं हे दोन मिनिटांचं काम आहे. कापलेला तुकडा जगणार की सडणार, हे आधीच्या आठवड्यातलं पाणी आणि नंतरच्या पंधरा दिवसांतला प्रवाह ठरवतो. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात त्यात उन्हाळाही आला. त्यामुळे या लेखात ब्लेडपेक्षा पाण्याबद्दल जास्त वाचायला मिळेल.

त्याआधी कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ साली पाच गट घातले गेले: सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही अनुसूची. परदेशी टँकच्या फोटोंमध्ये दिसणारे निळे-जांभळे अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा, स्टायलोफोरा हे सगळे दगडी प्रवाळ आहेत, म्हणजे ते यात आले. किनाऱ्यावर पडलेला मेलेला पांढरा तुकडा उचलून शोकेसमध्ये ठेवणंही या कायद्याने चालत नाही. दगडी प्रवाळ साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्येही असल्यामुळे त्यांची आयात कागदपत्रांशिवाय होत नाही. कोणी ‘सगळेच ठेवतात’ म्हणत अ‍ॅक्रोपोराचा तुकडा पुढे केला, तर सरळ नाही म्हणा.

म्हणून इथे सांगितलेलं सगळं नरम, फांद्या फुटणाऱ्या कोरलसाठी आहे: केनिया ट्री (कॅपनेला), फिंगर लेदर (सिन्युलॅरिया), कोल्ट (क्लॅडिएला) आणि झेनिया. ही वर दिलेल्या पाच गटांत येत नाहीत. तरीही समुद्रातून तोडून आणलेली घेऊ नयेत. टँकमध्येच वाढवलेला तुकडा बिलासह घ्यावा आणि ते बिल जपून ठेवावं. छाटणी शिकायला ही कोरल उत्तम आहेत, कारण ती वाढतात भरभर आणि चूक झाली तरी बरीचशी सावरतात.

आत काय असतं

एक फांदी म्हणजे शेकडो पॉलिपांची, म्हणजे इवल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येक पॉलिपला आठ मऊ, पिसासारखे हात असतात. खोड म्हणजे पाण्याने फुगलेलं मांस, आणि त्यात कॅल्शियमचे बारीक काटे विखुरलेले असतात. त्यांना स्क्लेराइट म्हणतात. आत सलग सांगाडा नसतो. कोरल उभं राहतं ते आतल्या पाण्याच्या दाबावर. कापल्याबरोबर हा दाब जातो आणि खोड मिटून तिसऱ्या हिश्श्याएवढं होतं. हे पाहून नवा माणूस घाबरतो, पण ते अगदी स्वाभाविक आहे.

मांसात सूक्ष्म शैवाल राहतं. उजेडावर ते अन्न तयार करतं आणि कोरलला देतं. मेंदू, हृदय असा मध्यवर्ती अवयव कुठेच नसल्यामुळे थोडे पॉलिप आणि थोडं खोड असलेला कोणताही तुकडा पुढे पूर्ण वसाहत होऊ शकतो. डाळिंबाच्या छाट कलमाशी याचं साम्य इथपर्यंतच. कलमाला मातीत मुळं फुटतात. कोरलच्या तुकड्याला मूळ नसतं. त्याच्या तळाचं मांस दगडावर पसरून चिकटतं, आणि तोवर तुकडा एका जागी स्थिर धरून ठेवणं ही तुमची जबाबदारी.

आणखी एक गोष्ट. नरम कोरलांना कठीण कवच नसतं, म्हणून ती स्वतःचा बचाव रसायनांनी करतात. सिन्युलॅरियासारखी लेदर कोरल पाण्यात टर्पिन जातीची द्रव्यं सोडतात आणि शेजारच्याची वाढ रोखतात. कापताना हीच द्रव्यं आणि भरपूर चिकट बुळबुळीत स्राव एकदम बाहेर पडतो. छाटणीच्या दिवशी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (अशी द्रव्यं शोषून घेणारा कोळसा) लागतो तो यासाठी.

दगडी प्रवाळाचं गणित वेगळं असतं. तिथे अ‍ॅरागोनाइटचा कडक सांगाडा आणि त्यावर पातळ त्वचा असते. फांदी हाड कापायच्या कटरने तोडतात, सिमेंटवर किंवा गोंदाने बसवतात, आणि त्वचा गोंदावरून पसरत जाते. थूथुकुडीजवळ मन्नारच्या आखातात आणि कच्छच्या आखातात मिठापूरला रीफ (प्रवाळभिंत) पुन्हा उभी करण्यासाठी असे तुकडे समुद्रात लावले गेले आहेत. ते परवानगीने, संशोधन संस्था आणि वन विभागाने करायचं काम आहे.

पाणी आधी, ब्लेड नंतर

छाटणीआधी किमान आठवडाभर पुढचे आकडे स्थिर असावेत: क्षारता ३५ पीपीटी म्हणजे हजार भागांत ३५ (घनता १.०२५ ते १.०२६), तापमान २५ ते २६.५ अंश, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसण्याची क्षमता; डीकेएच हे तिचं एकक) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. नायट्रेट शून्य असलेलं ‘स्वच्छ’ पाणी नरम कोरलला मानवत नाही. ती उपाशी पडतात, झेनिया तर आक्रसून वितळते. अल्कलिनिटी दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त हलू देऊ नका.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. भांड्यांवर आणि गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर सगळ्यांनी पाहिलेला आहे. घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी चालेल का, असा प्रश्न हमखास येतो. नाही चालणार. त्या मशिनमध्ये चवीसाठी टीडीएस मुद्दाम थोडा ठेवलेला असतो, आणि त्यात नायट्रेट, सिलिकेट शिल्लक राहतात. आरओनंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा) एक टप्पा लावा आणि टीडीएस मीटरवर शून्य आलेलंच पाणी वापरा. जड पाण्यावर रेझिन लवकर संपतं. ते वाचवायचं असेल तर आरओ मेम्ब्रेन चांगलं ठेवा, आणि मशिन सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं येणारं जास्त टीडीएसचं पाणी रेझिनमध्ये न सोडता बाजूला काढा.

आता उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये भुसावळ, जळगावला पारा ४४-४५ च्या पुढे जातो, आणि बंद खोलीतला टँक दुपारनंतर सहज ३१-३२ अंशांवर पोहोचतो. खुल्या समुद्रातही पाणी नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एक अंशाने वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं, तर कोरल आपलं शैवाल बाहेर टाकून पांढरं पडतं. टँकमध्ये त्यात एक भर पडते: पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी.

पण आपला उन्हाळा कोरडा आहे, आणि इथे तो मदतीला येतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. २०० लिटरच्या टँकमधून एवढी उष्णता गेली, तर तापमान जवळजवळ ३ अंशांनी उतरतं. कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे दोन १२० मिलिमीटर पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे लावले, तर मे महिन्यात ते चिलरचं बरंचसं काम करतात. काचेचं झाकण काढून त्या जागी बारीक जाळी लावा, नाहीतर मासे उडी मारून बाहेर पडतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्यांचा परिणाम घटतो, मात्र तोवर बाहेरचा उकाडाही उतरलेला असतो. खोलीत कूलर लावणार असाल, तर खिडकी उघडी असू द्या. बंद खोलीत कूलरची दमट हवा साठते आणि टँकवरचे पंखे निरुपयोगी होतात.

या थंडाव्याची किंमत क्षारतेत मोजावी लागते. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. २०० लिटरमधून दिवसाला ५ लिटर उडाले, तर ३५ ची क्षारता संध्याकाळपर्यंत जवळपास ३६ होते. रात्री एकदम बादलीभर गोडं पाणी ओतलं, तर ती पुन्हा धाडकन खाली येते. रोजचा हा चढउतार कोरलला थकवतो. फ्लोट व्हॉल्व्ह किंवा सेन्सरवाला ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) खान्देशात चैनीची वस्तू नाही, स्किमरच्याही (फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्राच्याही) आधी तो घ्यावा. त्याच्या टाकीत फक्त डीआयचं गोडं पाणी भरायचं, मिठाचं नाही.

मोठी छाटणी दिवाळीनंतर होळीपर्यंत उरकावी. तेव्हा तापमान धरून ठेवणं सोपं असतं. फक्त डिसेंबर-जानेवारीत धुळ्या-नंदुरबारकडे रात्रीचा पारा एक आकडी होतो, म्हणून २०० लिटरला २०० वॅटचा हीटर कंट्रोलरसह हवा. एप्रिल ते जून या काळात फांदी तुटली किंवा सडली तरच ब्लेड हातात घ्या.

कापणं

सामान फार लागत नाही. मेडिकल स्टोअरमध्ये मिळणारं ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि त्याची दांडी, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, टँकच्याच पाण्याने भरलेली दोन भांडी, लाइव्ह रॉकचे (जिवाणू वसलेल्या सच्छिद्र दगडाचे) सुपारीएवढे तुकडे, लाकडी टूथपिक, पातळ रबरबँड आणि टेलरकडे मिळतं तसं नेटचं कापड. मोजे आणि चष्मा वगळू नका. टँकमध्ये झोअँथस किंवा पॅलिथोआ (कोरलसारखेच, बटणांसारखे दिसणारे जीव) असतील, तर त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जबर विष असू शकतं. दगड उचलताना ते दाबले जाऊन डोळ्यात किंवा हाताच्या जखमेवर उडू शकतं. असा दगड कधीही उकळू नये किंवा त्यावर गरम पाणी ओतू नये, वाफेतूनही विषबाधा होते.

शक्य असेल तर कोरल दगडासकट टँकबाहेर, टँकच्या पाण्याच्या भांड्यात घ्या. पाण्याबाहेर एक-दोन मिनिटं गेली तरी त्याला काही होत नाही. तेवढ्यात ते आक्रसतं आणि कापायला सोपं जातं.

चार-पाच सेंटिमीटरची, भरपूर पॉलिप असलेली फांदी निवडा. ती खोडातून जिथे फुटते तिथेच, खोडाला लागून, ब्लेडच्या एका ओढीत आडवी कापा. करवतीसारखं पुढे-मागे करू नका. फाटलेल्या कडा उशिरा मिटतात आणि त्यात जिवाणू वाढतात. कात्री टाळा, ती कापण्याआधी मांस चिरडते. खोडावर अर्धवट खुंटही ठेवू नका, त्याच्या खाचेत कचरा साठून सडायला सुरुवात होते. सिन्युलॅरियाच्या फांदीबरोबर खोडाचा थोडा भाग घेतला, तर तळ रुंद मिळतो आणि तुकडा लवकर चिकटतो. एका वेळी एकतृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. मूळ वसाहतीलाही अन्न तयार करायला पॉलिप लागतात.

कापलेला तुकडा आणि मूळ कोरल दोन्ही दुसऱ्या भांड्यात हलवून स्राव धुऊन टाका. ते पाणी टँकमध्ये परत ओतू नका. आयोडीन डिप (तुकडा आयोडीनच्या द्रावणात बुडवणं) वापरायचा असेल, तर बाटलीवर दिलेलं प्रमाण आणि वेळ काटेकोर पाळा. जास्त आयोडीन जखम भरत नाही, मांस जाळतं.

झेनियाला ही पद्धत लावू नये. हाताळलं की ती मऊ पडून विरघळते. तिच्या बुंध्याशी दगडाचे मोकळे तुकडे टेकवून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत ती स्वतःच त्यांच्यावर सरकते, मग मधला दुवा कापायचा. केनिया ट्री तर फांद्या आपणहून गाळते. त्या प्रवाहाबरोबर कुठेही जाऊन चिकटतात, म्हणून गळालेली फांदी दिसली की उचलून घ्या.

चिकटवणं

इथेच सगळ्यात जास्त तुकडे वाया जातात. फेविक्विकच्या जातीचा सायनोअ‍ॅक्रिलेट जेल गोंद दगडी प्रवाळाला उत्तम चालतो, पण नरम कोरलच्या बुळबुळीत कातडीवर तो टिकत नाही. स्राव सुटला की गोंदाचा पापुद्रा तसाच राहतो आणि तुकडा निसटून वेव्हमेकरमध्ये (पाणी फिरवणाऱ्या पंपात) जातो.

जाड तुकड्याला टूथपिक वापरा. तळापासून एक सेंटिमीटरवर ती आडवी आरपार घाला, तुकडा दगडावर उभा करा आणि टूथपिकची दोन्ही टोकं रबरबँडने दगडाला बांधा. रबरबँड मांसावरून जाता कामा नये, घट्ट बसला तर रात्रीत मांस कापतो. कापलेला तळ दगडाला पूर्ण टेकलेला हवा. मध्ये फट राहिली तर तुकडा चिकटण्याऐवजी टोकाशी गोल मिटून बसतो.

बारीक फांद्यांसाठी डबा बरा. उथळ प्लास्टिकच्या डब्यात दोन सेंटिमीटर दगडाची खडी पसरा, त्यावर फांद्या आडव्या ठेवा, वर नेटचं कापड सैल ताणून रबरबँड लावा. डबा टँकच्या तळाशी, संथ पण हलत्या पाण्यात ठेवा. दहा ते पंधरा दिवसांत बहुतेक फांद्या एखादा खडा धरतात. मग तो खडा जेलने हव्या त्या जागी बसवता येतो, कारण आता गोंद दगडाला लागतो.

तुकडे टँकमध्ये गेले की २०० लिटरला साधारण १०० ग्रॅम कार्बन डीआयच्या पाण्यात धुऊन जाळीच्या पिशवीत, पाणी वाहतं अशा ठिकाणी ठेवा. स्किमरचा कप थोडा वर करा. स्रावामुळे फेस उसळतो आणि कप ओसंडून सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) सांडतो. दुसऱ्या दिवशी १० ते १५ टक्के पाणी बदला.

जागा

जागा निवडताना तीन गोष्टी पाहायच्या: उजेड, प्रवाह आणि सहा महिन्यांनंतरचा आकार. तिसरी गोष्ट लोक विसरतात. आज पाच सेंटिमीटरचा असलेला तुकडा पंधरा-वीस सेंटिमीटरचा होणार आहे, तेव्हा तो कुणावर सावली टाकेल हे आजच डोळ्यासमोर आणा.

केनिया ट्रीला ५० ते १२० पार (शैवालाला अन्न तयार करायला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप), सिन्युलॅरिया आणि झेनियाला ८० ते १५० पार उजेड पुरतो. तुलनेसाठी, अ‍ॅक्रोपोराला २५० च्या वर लागतो. पार मीटर महाग असतो, प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. नवा तुकडा पहिला आठवडा तळाशी ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वर न्या. खोड बारीक आणि लांब होत उजेडाकडे वाकलं तर उजेड कमी आहे. रंग फिका पडून पॉलिप दिवसाही मिटलेले राहिले तर जास्त आहे. खिडकीतून थेट ऊन टँकवर पडू देऊ नका. आपल्याकडच्या उन्हाने तासाभरात पाणी तापतं आणि काचेवर शैवाल माजतं.

प्रवाहासाठी ढोबळ हिशेब: टँकच्या आकारमानाच्या दहा ते वीस पट पाणी तासाला फिरावं. २०० लिटरला २,००० ते ४,००० लिटरचे वेव्हमेकर, शक्यतो दोन बाजूंनी आलटून-पालटून चालणारे. सतत एकाच दिशेने येणारा झोत तुकड्यावर नको, त्या बाजूचे पॉलिप उघडतच नाहीत. फांद्या डुलताना दिसल्या आणि बुंध्याशी गाळ साठत नसला, की जागा बरोबर आहे.

शेजाऱ्यांपासून चारही बाजूंनी आठ-दहा सेंटिमीटर मोकळं सोडा. सिन्युलॅरियाला प्रवाहाच्या शेवटच्या टोकाला ठेवलं, तर तिची द्रव्यं इतरांच्या अंगावरून थेट वाहत नाहीत. झेनिया आणि केनिया ट्री मुख्य रचनेवर कधीच बसवू नका. वाळूत वेगळा दगड ठेवून त्यावर ती लावा, भोवती पाच-सात सेंटिमीटर उघडी वाळू ठेवा. एकदा मुख्य दगडांत शिरली की ती पूर्ण निघत नाहीत.

पुढचे पंधरा दिवस

लेदर कोरल छाटणीनंतर तीन ते दहा दिवस मिटून राहतं आणि त्याच्यावर मेणासारखी चकचकीत साय येते. ते कातडी टाकत असतं. बोटाने खरवडू नका. प्रवाह थोडा वाढवा, साय आपोआप उडून जाते आणि खालून पॉलिप निघतात. निरोगी मिटलेलं कोरल दाबलं तर टणक लागतं.

सडणं वेगळं दिसतं. एका जागी तपकिरी किंवा करडा लगदा होतो, कडा पसरत जातात, वास येतो. अशा वेळी वाट पाहू नका. कोरल बाहेर काढा, सडक्या भागाच्या पुढे एक सेंटिमीटर निरोगी मांस घेऊन कापा, लगदा फेका, कार्बन बदला. सडण्याचं कारण बहुतेक वेळा बोथट ब्लेड, बुंध्याशी साठलेला गाळ किंवा तुकड्यावर आवळलेला रबरबँड असतं.

वीज गेली तर पहिला धोका ऑक्सिजनचा असतो, उजेडाचा नाही. कोरलला दिवसभर अंधार चालतो, पण थांबलेलं गरम पाणी काही तासांत मासे मारतं. १५ वॅटचा एक डीसी वेव्हमेकर घरच्या इन्व्हर्टरवर कायमचा जोडून ठेवा. १५० एएचच्या बॅटरीवर तो एकटा असेल तर रात्र सहज निघते. त्याचं तोंड वर करून पृष्ठभाग हलता ठेवा.

शेतीच्या घरात आणखी एक काळजी घ्यावी लागते, आणि ती इथल्या टँकवाल्यांनी फार गंभीरपणे घ्यावी. केळीवर आणि डाळिंबावर मारायची तांबंयुक्त बुरशीनाशकं, बोर्डो मिश्रण, आणि कपाशीवरची पायरेथ्रॉइड कीटकनाशकं या तिन्ही गोष्टी टँकला घातक आहेत. तांब्याचा अंशही कोरल आणि कोळंबीला मारतो. पायरेथ्रॉइडने खेकडे, कोळंबी आधी जातात. फवारणीचं द्रावण कालवलेली बादली कितीही धुतली तरी टँकसाठी वापरू नका, मिठाच्या पाण्याची बादली वेगळ्या रंगाची ठेवा. फवारणीहून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय टँकमध्ये हात घालू नये. कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत शेताकडची खिडकी बंद ठेवा आणि टँकच्या खोलीत डासांचे स्प्रे, लिक्विड मशीन लावू नका. एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ओढतो.

जास्तीचे तुकडे नाल्यात किंवा तापीत टाकू नका. चिकटलेले, दगडावर रुजलेले तुकडेच दुसऱ्याला द्या, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनंतर. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवा, पिशवी दुहेरी करा, थर्मोकोलच्या खोक्यात वर्तमानपत्र कोंबून ती हलणार नाही अशी बसवा. चोपड्याहून नाशिकला पाठवायचं असेल तर रात्रीची गाडी निवडा. उन्हाळ्यात खोक्याच्या झाकणाला आतून बर्फाची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून लावा, पिशवीला ती थेट टेकू देऊ नका.